शिट्टी बाहेर वाजली पाहिजे: बीए सेटमधली हवा जवानांना कशी शिकवावी

माझ्याकडे दोनशे पानी तीन वह्या आहेत. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक जवानाच्या नावासमोर त्यात एक आकडा आहे: अंगावर काम असताना तो मिनिटाला किती लिटर हवा घेतो. भरतीच्या वेळी उंची मोजतात, छाती मोजतात, पळायला लावतात. हा आकडा मी कुठल्याच भरतीत मोजताना पाहिला नाही, आणि धुरात माणूस तगतो तो याच आकड्यावर. महापालिकेच्या अग्निशमन दलात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ पोरांना बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क असलेला संच, शिकवण्यात गेली. आता निवृत्त आहे. छोट्या नगरपरिषदांच्या स्टेशनांवर ज्यांच्या गळ्यात एक दिवस अचानक ‘ट्रेनिंग तुम्हीच घ्या’ असं काम पडतं, त्या लीडिंग फायरमन आणि सब ऑफिसर मंडळींसाठी हे लिहितो आहे.

सेट घालायला सगळेच शिकवतात. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताहात शाळेच्या मैदानावर मिनिटाच्या आत सेट चढवून दाखवला की मुलं टाळ्या वाजवतात. पण पाठीवर घेतलेली हवा खर्च कशी करायची, हे मला माझ्या नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या वर्षी प्लास्टिक दाण्यांच्या एका गोदामाच्या आगीची वर्दी आली. पत्र्याचं लांबलचक गोदाम, आत छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. पाठीवर सहा लिटरचा लोखंडी सिलिंडर, २०० बार दाबाचा. मी आणि माझा जोडीदार होज, म्हणजे पाण्याची नळी, ओढत पार मागच्या भिंतीपर्यंत गेलो. तिथे माझी शिट्टी वाजली, हवा संपत आली की सेटवर आपोआप वाजते ती. शिट्टीनंतर सात-आठ मिनिटं मिळतात असं आम्हाला शिकवलेलं, म्हणून आणखी थोडं पाणी मारून घेतलं. परत फिरलो तर एक थप्पी होजवर कोसळलेली. ती चढून पलीकडे जाईपर्यंत मला इतकी धाप लागली की शिट्टीला साडेतीन मिनिटंही झाली नसतील, तोच मास्क तोंडाला घट्ट चिकटला. आत ओढायला काहीच उरलं नव्हतं. शेवटचे पंधरा-वीस फूट जोडीदाराने मला पट्ट्याला धरून ओढत नेलं. बाहेर आल्यावर कळलं की आम्ही किती वाजता आत गेलो, हे बाहेर कोणीही लिहून ठेवलेलं नव्हतं.

शिकवलेलं खोटं नव्हतं, अर्धं होतं. सहा लिटरचा सिलिंडर, शिट्टी ५० बारला, म्हणजे उरली ३०० लिटर हवा. बेताचं काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर घेतो असं धरतात, त्या हिशेबाने साडेसात मिनिटं. पण घाबरलेला, थप्पी चढणारा माणूस ९० लिटर घेतो. त्याला तीन मिनिटं आणि वर काही सेकंद.

म्हणून पहिल्या दिवशी मी फळ्यावर एकच वाक्य लिहायचो: शिट्टी बाहेर वाजली पाहिजे. शिट्टी म्हणजे निघायची घंटा नव्हे. आपण दाराबाहेर उभे आहोत, मास्क काढायच्या बेतात आहोत, तेव्हा ती वाजायला हवी. शिट्टीनंतरची हवा आपली नाही. ती वाट चुकलेल्या, जिना कोसळलेल्या, पाय अडकलेल्या माणसासाठी ठेवलेली आहे, आणि तो माणूस आपणही असू शकतो. अमेरिकेत तर ही सूचना देणारी पातळी पुढे एक चतुर्थांशावरून एक तृतीयांशावर नेली आणि जवानाने त्याआधीच बाहेर असावं असा नियमही केला.

आकडा कसा काढायचा

आता बहुतेक ठिकाणी ६.८ लिटरचे, ३०० बारचे हलके कार्बन कॉम्पोझिट सिलिंडर आहेत. ६.८ गुणिले ३०० म्हणजे २०४० लिटर. इतक्या दाबाला हवा या सरळ गुणाकारापेक्षा थोडी कमीच भरते, तेव्हा मनात दहा टक्के वजा करून ठेवा. हा सिलिंडर पंचेचाळीस मिनिटांचा म्हणून विकतात. पोरांना ते पंचेचाळीस मिनिटं विसरायला लावणं, हे तुमचं पहिलं काम.

ते तोंडाने सांगून होत नाही, मोजून दाखवावं लागतं. मी बारा मिनिटांची फेरी ठेवायचो. सेट आणि पूर्ण गणवेश चढवून तीन मजले जिना वर-खाली, भरलेला होज वीस मीटर ओढणं, ऐंशी किलोचा वाळूचा पुतळा दहा मीटर ओढणं, मग गुडघ्यांवर रांगत एक फेरी, आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीचं गेज, म्हणजे सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या काट्याचा आकडा, लिहायचं, बारा मिनिटांनंतरचं लिहायचं. दोन्हींतला फरक गुणिले ६.८ भागिले १२.

एका तुकडीतली दोन माणसं सांगतो. साताऱ्याकडचा एक पोरगा, पैलवानी अंगाचा, तालमीत वाढलेला. २९० ला सुरू केलं, १५० ला संपलं. १४० बार, म्हणजे ९५२ लिटर, मिनिटाला ७९. त्याच तुकडीतली एक मुलगी, वजनाने त्याच्या निम्मी, रोज सकाळी पळणारी. २९० वरून २०५. मिनिटाला ४८. आता शिट्टी ५५ बारला धरा. २९० ते ५५ या २३५ बारमध्ये १५९८ लिटर होतात. पोराला वीस मिनिटं, मुलीला तेहतीस. सिलिंडर एकच, त्यावरचं लेबलही एकच. हे दोघं जोडीने आत गेले तर वेळ कोणाची धरायची, असा प्रश्न मी वर्गाला टाकायचो. उत्तर पोराची वेळ. जोडी नेहमी ज्याची हवा लवकर संपते त्याच्या घड्याळाने चालते, आणि बाहेर येताना दोघंही एकत्र येतात.

इथे एक चूक मी स्वतः केली, ती तुम्ही करू नका. सुरुवातीला मी कमी हवा घेणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक करायचो. आठवड्याभरात पोरं श्वास चोरायला लागली. ड्रिल संपली की दोघा-तिघांचं डोकं दुखायचं. श्वास रोखला की अंगातला कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं जड होतं, पुढचा श्वास मग दुप्पट ओढला जातो आणि निर्णय चुकायला लागतात. तेव्हापासून मी आकडा ज्याचा त्याला खासगीत सांगतो. तो स्पर्धेचा आकडा नाही, चपलेच्या मापासारखा आहे. आपलं माप आपल्याला ठाऊक असलं म्हणजे झालं.

वळायचा आकडा

आत जाताना जितकी हवा लागली त्याच्या दुप्पट परतीसाठी ठेवायची. जर्मन अग्निशमन दलांच्या नियमावलीतही हाच हिशेब आहे. दुप्पट का, तर परतताना माणूस दमलेला असतो, धूर खाली उतरलेला असतो, हातात कदाचित कोणीतरी असतं, आणि रस्ता पहिल्यासारखा राहिलेला नसतो. माझ्या गोदामात एक थप्पी पुरली.

मघाच्या पोराचंच घ्या. दारात २९०. आगीपाशी पोहोचला तेव्हा २४०. वाटेत गेले ५०. परतीला १००, त्यात शिट्टीचे ५५ मिळवा: १५५. हा त्याचा वळायचा आकडा. गेज १५५ वर आलं की हातात काहीही असो, वळायचं. म्हणजे प्रत्यक्ष कामाला त्याला २४० ते १५५, एवढे ८५ बार मिळाले. ५७८ लिटर. ७९ ने भागा: सात मिनिटं. हे उत्तर येतं तेव्हा वर्गात चिडीचूप होते, दर वेळी. पंचेचाळीस मिनिटांचा सिलिंडर आणि काम सात मिनिटांचं. ही शांतता मोडायची घाई करू नका, तेवढ्यात पोरांच्या डोक्यात बरंच काही बसतं.

हा हिशेब आत, धुरात करायचा नाही, तिथे डोकं चालत नाही. पोहोचल्यावर फक्त गेज बघून आकडा वायरलेसवर सांगायचा. वळायचा आकडा बाहेरचा माणूस सांगतो.

दारातल्या २९० बद्दलही थोडं सांगतो. सिलिंडर घाईने भरला की तो तापतो आणि गेज ३०० दाखवतं. थंड झाला की तोच वीस-पंचवीस बारने उतरतो. म्हणून सकाळी ड्युटी बदलताना गेज पुन्हा बघायचं आणि ३०० च्या सिलिंडरवर २४० पेक्षा कमी असेल तर तो पंपावर, म्हणजे आगीच्या बंबावर, चढवायचाच नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, मग बंद करून मिनिटभर काटा बघा. दहा बारपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. त्यानंतर हवा हळूहळू सोडून शिट्टी नेमकी कितीला वाजते ते पाहा. दाढीबद्दल वाद घालू नका. मास्कच्या कडेखाली केस असले की सील बसत नाही, आणि सेटमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असल्याने त्या फटीतून आपलीच हवा निघून जाते. मी मास्क लावून फटीशी ओला हात धरायला लावायचो. हाताला झुळूक लागली की पोरगा दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून यायचा.

उंच इमारतीत सेट पाठीवर, पण मास्क गळ्यात ठेवून चढायचं. आगीच्या मजल्याच्या दोन मजले खाली, स्वच्छ हवेत थांबायचं, धाप बसू द्यायची आणि मग मास्क लावायचा. बाराव्या मजल्यासाठी तळमजल्यावरच मास्क लावून निघालेला जवान आगीपाशी पोहोचतो तो अर्ध्या सिलिंडरवर.

श्वास

दलात येणाऱ्या बऱ्याच पोरांना प्राणायाम माहीत असतो, आणि त्यांना वाटतं की हा विषय आपल्याला येतो. त्यांना आधी हे सांगा की इथे कुंभक नाही. श्वास रोखायचा नाही, लांबवायचा आहे, आणि तोही सोडताना. नाकाने नेहमीसारखा घ्यायचा आणि ओठ जवळजवळ मिटून, भ्रामरीत करतात तसा ‘म्म्म’ गुणगुणत सोडायचा. गुणगुणलं की श्वास आपोआप सावकाश सुटतो आणि काम अडत नाही. शिवाय शेजारच्या जोडीदाराला तो आवाज ऐकू येतो. आवाज तुटक झाला की समजायचं, याला धाप लागली आहे.

हे खुर्चीवर बसून शिकवलं तर कामाला येत नाही. मी तिसऱ्या मजल्यावर, छाती भात्यासारखी हलत असताना एका गुडघ्यावर बसवायचो आणि दहा श्वास गुणगुणत सोडायला सांगायचो. पहिल्या आठवड्यात सगळे चौथ्या श्वासाला हात वर करतात. तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना जमतं. वजन उचलताना, दार तोडताना, होज ओढताना जोर लावायच्या क्षणी श्वास सोडायचा. गावाकडे पहार मारणारा माणूस हुंकार देतो ना, तसाच.

त्या पैलवान पोराने चार महिन्यांनी पुन्हा तीच फेरी केली तेव्हा आकडा ६३ आला. त्यातलं श्वासामुळे किती आणि रोज पळायला लागल्यामुळे किती, ते मी वेगळं काढलं नाही.

गेज बोला

आत असताना दर पाच मिनिटांनी, आणि प्रत्येक दार, जिना, वळण ओलांडताना गेज बघायचं आणि मोठ्याने बोलायचं. ‘ठीक आहे’ हे उत्तर नाही. आकडाच हवा. ‘एक-नव्वद.’ ‘एक-साठ.’ ड्रिलमध्ये मी कधीही मध्येच ओरडायचो, ‘गेज न बघता सांग!’ जवानाने वीस बारच्या आत बरोबर सांगितलं तर तो हवेकडे लक्ष देतो आहे. महिन्याभराने काही पोरं दहाच्या आत सांगायला लागतात.

बाहेर एक माणूस फळा घेऊन उभा असतो. लहान स्टेशनांवर सगळ्यात आधी यालाच कात्री लागते, कारण माणसं कमी. कृपा करून त्याला होज धरायला पाठवू नका. २३ जानेवारी १९५८ ला लंडनच्या स्मिथफिल्ड बाजाराखालच्या तळघरात आग लागली. भूलभुलैयासारख्या त्या बोळांमध्ये दोन जवानांचा जीव गेला. त्यानंतर ब्रिटनमध्ये टॅली (जवानाच्या नावाचा बिल्ला) आणि प्रवेशद्वारावरचा नियंत्रण फळा ही पद्धत पक्की झाली, आणि आपल्याकडे जे काही आहे ते तिथूनच आलेलं आहे. महागडा फळा नसेल तर प्लायवूडचा तुकडा, सहा हूक, नाव कोरलेले पितळी बिल्ले, मार्कर आणि सेलवरचं घड्याळ एवढं पुरतं. मी सुताराकडून बनवून घेतलेला फळा सोळा वर्षं चालला. त्यावर पाच गोष्टी लिहायच्या: नाव, आत गेल्याची वेळ, दारातलं गेज, शिट्टीची अंदाजे वेळ, वळायचा आकडा. शिट्टीची वेळ काढताना ४० लिटरचा हिशेब करू नका, वहीतला त्या माणसाचा स्वतःचा आकडा घ्या. मोजलेला आकडा इथे वसूल होतो.

वळायच्या आकड्याला फळ्यावरचा माणूस ‘वळा’ म्हणाला की आतल्याने ‘वळलो’ म्हणायचं. ‘दोन मिनिटं साहेब’ हे उत्तर मी ड्रिलमध्ये एकदाही चालवून घेतलं नाही. ते दोनदा देणाऱ्याला मी त्या महिन्यात आत पाठवत नसे, कितीही चांगला जवान असो.

डोळे बांधून

मास्कच्या काचेवर आतून मेणकागद लावा. दिसणं बंद. खोलीत बाकं, टेबलं, टायर टाका आणि मधून पन्नास-साठ मीटर होज फिरवा. हातमोजे घालून, एक हात होजवर ठेवून बाहेर यायचं. जोड लागला की तो चाचपायचा. आपल्या इन्स्टंटेनियस कपलिंगमध्ये ज्या बाजूला फिमेल कपलिंगचे दोन कान लागतात ती पंपाची बाजू, म्हणजे बाहेरची. गुळगुळीत बाजू आगीकडची. हे वाचून सगळ्यांना सोपं वाटतं. डोळे बांधलेले, गेज शंभरच्या खाली, कोणीतरी शिट्टी फुंकतंय, अशा वेळी दहातले चार-पाच जण उलट्या दिशेला जातात. चुकू द्या. आगीकडच्या टोकाला पोहोचून ब्रांच, म्हणजे होजचं पाणी मारायचं तोंड, हाताला लागल्यावर त्यांचं जे होतं, ते त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

हवा संपत आली आणि वाट नाही, तर काय करायचं तेही इथेच शिकवा. लगेच वायरलेसवर ‘मेडे’, म्हणजे जिवावर बेतल्याची हाक, द्यायचा, गेज ५० वर जायची वाट बघायची नाही. कोण, कुठे, गेज किती, अडचण काय, एवढंच बोलायचं. अंगावरचं डिस्ट्रेस युनिट, म्हणजे धोक्याचा भोंगा, हाताने सुरू करायचं. भिंतीशी किंवा होजवर आडवं व्हायचं, बॅटरी छताकडे धरायची, आणि गुणगुणत श्वास. मास्क काढायचा नाही. मदत यायला वेळ लागतो, हे पोरांना खरं खरं सांगा. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात १४ मार्च २००१ ला एका सुपरमार्केटच्या आगीत ब्रेट टार्व्हर हा जवान वाट चुकला आणि त्याची हवा संपली. त्यानंतर तिथल्या दलाने शेकडो माणसं घेऊन सुटकेच्या ड्रिल केल्या. एका जवानाला बाहेर काढायला सरासरी बारा जवान आणि एकवीस मिनिटं लागली, आणि सोडवायला गेलेल्या पाचांतला एक स्वतःच अडचणीत आला. शिट्टीनंतरच्या ३७४ लिटरमध्ये एकवीस मिनिटं काढायची तर मिनिटाला अठरा लिटरच्या आत राहावं लागेल. अंगावर सेट घेऊन, घाबरलेल्या अवस्थेत. हा भागाकार पोरांना स्वतः करू द्या.

कंप्रेसर नसेल तर

अनेक नगरपरिषदांकडे कंप्रेसर नाही, सिलिंडर भरायला दुसऱ्या गावी पाठवावे लागतात, म्हणून ड्रिलच होत नाही. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो. होजवरून परतणं, गेज बोलणं, फळा भरणं यातल्या कशालाच हवा लागत नाही. सेट पाठीवर घ्या, मास्कला हवा सोडणारा डिमांड व्हॉल्व्ह काढून मोकळ्या तोंडाने श्वास घ्या, आणि जोडीदाराने चिठ्ठीवरून खोटं गेज वाचून दाखवावं. सुट्टीतली शाळा, बाजार समितीचं रिकामं गोदाम, अर्धवट बांधलेली इमारत मिळते, मागून बघा. धूर मात्र करू नका, मास्क मोकळा आहे. बारा मिनिटांची मोजणी तेवढी खऱ्या हवेवर करा. माणशी वर्षाला दोनदा, म्हणजे दोन सिलिंडर.

वर्षातून दोनदा यासाठी की आकडा बदलतो. पोट सुटतं, गुडघा दुखतो, कोणी आजारातून उठलेला असतो. माझा स्वतःचा चाळिशीत ५४ होता, निवृत्तीच्या वर्षी ७१. प्रत्येक मोजणीपुढे तारीख टाका आणि जुना आकडा खोडू नका. वही अधिकाऱ्याच्या कपाटात कुलपात ठेवू नका. रात्री अडीचला वर्दी येते तेव्हा किल्ली सापडत नाही. तिला भोक पाडून सुतळी ओवा आणि पंपाच्या केबिनमध्ये, फळ्याच्या शेजारच्या हुकाला टांगा.